दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

आयुष्यात आपण कशाकशाला जीव लावला हे आठवायला बसले की माझ्या मनात पुष्कळशा माणसांच्या आधी एक संख्या येते. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, आणि गणित शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या बाईचं डोकं म्हातारपणी असं होणारच, अशा नजरेनं बघतात. परवा भाचीची मुलगी क्लासला जाता जाता डोकावली. अमरावतीत आता गल्लोगल्ली क्लास झालेत, आणि तिचा माझ्या घरावरूनच जातो म्हणून तिला मावसआजीची आठवण येते, हे मी ओळखून आहे. तिला ही संख्या सांगितली. तिनं मोबाईलवर काहीतरी टाकलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणाली, ‘आजी, तुटते ही. दोन तुकडे होतात.’ मी म्हटलं, माहीत आहे मला. मग तिला पोहे करून दिले. ते उभ्याउभ्या खाऊन ती गाडीवर बसून गेली आणि घरात पुन्हा मी आणि पंखा. मला त्या दोन तुकड्यांसाठी एक अख्खा हिवाळा लागला होता, आणि तो हिवाळा कसा गेला हे विचारायला तिला वेळ नव्हता.

आई गेल्यावर बाबांनी मला अकोल्याला मामाकडे ठेवलं. मामा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सरकीची रुई बसलेली असायची, आणि तो अंगणात उभा राहून टॉवेलनं सगळं अंग झटकायचा. तो फारसा बोलत नसे. मामी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडायला तरी कुणी मिळालं असतं. तिच्या दोन मुली होत्या, माझ्याहून लहान, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या, एका पांघरुणात हसत झोपणाऱ्या. मामी तुरीच्या डाळीचे फुणके फार सुरेख करायची. चाळणीत वाफवलेले ते मुटके, वर लसणाची फोडणी, आणि सोबत पातळ आंबट कढी. ती ताटं वाढायची तेव्हा तिघींच्या ताटांत सारखेच फुणके पडायचे. मला कधी एकही कमी मिळाला नाही, हे मी देवाशपथ सांगते. पण ‘अजून एक घे’ असंही त्या घरात मला कधी कुणी म्हणालं नाही. त्या घरात मी तीन वर्षं जेवले आणि तीन वर्षं अर्धपोटी राहिल्यासारखी मला आठवतात, पोट भरलेलं असूनसुद्धा.

आमचं घर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला होतं. काळ्या जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्यात बाबांची लिंबाची बाग. लिंबं शेकड्यानं विकायची. बाबा मोजायला बसले की मी समोर बसायची. दोन लिंबं डाव्या हातात, तीन उजव्या हातात, असा पाचांचा एक हात. पहिल्या हाताला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं गाण्यासारखं म्हणत वीस हात झाले की शेकडा भरला. मग बाबा आणखी एक हात टाकायचे, मुक्यानं. पाच लिंबं वरची. एखादं डागी निघालं, एखादं वाटेत चेपलं, तर घेणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून. मी एकदा तो हातही मोठ्यानं मोजला तर त्यांनी माझ्या तोंडावर बोट ठेवलं. ‘वरचं तोंडानं मोजाचं नसते, बाई. देल्लं ते देल्लं. मोजलं का त्याचा हिशेब होते.’ सगळे असं करतच होते असं नाही. पण बाबांच्या गोण्या बाजारात आधी उचलल्या जायच्या.

याचा परिणाम असा झाला की शाळेत जायच्या आधीच मला शंभर म्हणजे एकशे पाच हे पक्कं झालं होतं. तिसरीत गुरुजींनी विचारलं, शंभर बोरं सात जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला किती आणि बाकी किती? मी हात वर करून ठणकावून सांगितलं, प्रत्येकाला पंधरा, बाकी काही नाही. मी शेकड्याचे सात ढीग किती वेळा तरी केले होते, बाकी कधीच उरली नव्हती. गुरुजींनी माझा कान असा पिळला की घरी जाईपर्यंत गरम होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘त्याहीचंबी बरोबर हाये. शायेतला शेकडा कोरडा असते. आपला वला असते.’ तेव्हापासून मी दोन शेकडे वेगळे ठेवायला शिकले, एक शाळेतला, एक घरचा. निदान मला तसं वाटत होतं.

मामाकडे माझं अंथरूण ओसरीत, दाराजवळच्या भिंतीला लागून असे. त्या भिंतीवर विजेचं मीटर होतं. काचेच्या आत तबकडी गरगरायची, एक बारीक घुरघुर यायची, आणि खाली पत्र्याच्या पट्टीवर आकडे ठोकलेले होते. १०२२११७. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर तेच. आतल्या खोलीतून मुलींचं खिदळणं यायचं, मामी त्यांच्यावर खोटं खोटं ओरडायची, आणि मी त्या आकड्यांशी खेळायची. सम नाही, म्हणजे दोननं जात नाही. आकड्यांची बेरीज चौदा, म्हणजे तीननं जात नाही. शेवटी सात, म्हणजे पाचनं जात नाही. सातनं भागलं तर बाकी पाच. अकरानं भागलं तर बाकी आठ. तेरानं पुन्हा पाच. दिवसामागून दिवस मी पुढेपुढे जात राहिले आणि दरवेळी काहीतरी उरायचंच. कुणाचाच पूर्ण भाग जात नव्हता. एवढी मोठी संख्या आणि तिच्यात कुणाचीच जागा नाही, तीही कुणात बसत नाही. मला ती माझ्यासारखी वाटायला लागली. पंधरा वर्षांच्या मुलीला असं वाटतं, त्याला इलाज नाही. दुसरं कुणी दिसत नव्हतं तर मी मीटरशी मैत्री केली.

आमच्या शाळेतले राऊत सर गणित शिकवायचे. त्यांना विचारलं, सर, एखादी संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच तिला भाग जात नाही, हे ठरवायला कुठपर्यंत भागून बघायचं? ते म्हणाले, तिच्या वर्गमुळापर्यंत. अवयव जोडीनं असतात. दोन्ही वर्गमुळाहून मोठे असूच शकत नाहीत, गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून जोडीतला लहाना भाऊ वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे. तिथपर्यंत नाही सापडला तर नाहीच. आणि सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही, फक्त मूळ संख्यांनी भाग. हे ऐकलं तेव्हा मला कुणीतरी घराची किल्ली दिल्यासारखं वाटलं. दहा लाख म्हणजे हजार गुणिले हजार. म्हणजे हजारापर्यंत. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट असतात. त्या आधी शोधायच्या, मग एकेकीनं भागायचं.

दुपारी मामीचा डोळा लागला की मी मागच्या पायरीवर पाटी घेऊन बसायची. वह्या शाळेपुरत्याच होत्या. भागाकार मांडायचा, बाकी बघायची, ओल्या फडक्यानं पुसायचं, पुढची संख्या. अकोल्यातला हिवाळाही दुपारी चटका देतो. पाटी क्षणात वाळायची. लांबून जिनिंगचा भोंगा व्हायचा, शेजारी कुणीतरी मिरच्या कांडायचं आणि ठसक्यानं माझे डोळे वाहायचे. कधी कधी मिरच्या कांडत नसतानाही वाहायचे. पण दर भागाकाराच्या शेवटी एक धाकधूक असे, गेला की काय पूर्ण? नाही गेला. आणि मला आनंद व्हायचा. शेवटी नऊशे सत्त्याण्णव. बाकी उरली एकशे ब्याण्णव. मी पाटी पुसली नाही. तशीच धरून आत पळाले. मामी सुपात तांदूळ निवडत होती.

‘मामी, मीटरच्या नंबरले कोणाचाच भाग जात नाई!’

मामीनं वर बघितलं. ‘काहून वं? बिल जास्त आलं का?’

‘नाई मामी. तो मूळ हाये. एकटाच हाये तो.’

‘असन बाई,’ ती म्हणाली. ‘हात धू अन् दोन घास खाऊन घे.’

आता मला त्या उत्तराचं हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. मी पायरीवर परत जाऊन बसले. एवढी मोठी गोष्ट आपल्याला कळली आणि सांगायला माणूस नाही, याच्याइतकं रिकामं मला नंतर फार क्वचित वाटलंय.

राऊत सरांना मात्र सांगितलं. त्यांनी स्वतः काही तपासलं नाही, पण पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, दहावीची परीक्षा झाली की अमरावतीला एका कॉलेजात गणिताची मुलं निवडणार आहेत. निवड झाली तर दोन वर्षं वसतिगृहात राहून पुढचं शिकायचं. प्रत्येकानं स्वतः शोधलेलं काहीतरी मांडायचं. तू हे मांड. बाबा महिन्याला भेटायला यायचे, त्यांच्या कानावर घातलं. बाबा म्हणाले, ‘तेथं नंबर लागला तं अमरावतीले राय. नाई लागला तं चाल घरी माह्यासंग. मामाले किती दिवस भार द्याचा?’ ‘चाल घरी’ हे शब्द ऐकले आणि माझं ठरलं. मला घरी जायचं होतं. बाग, विहीर, बाबांचं ते लाभ-दोन-तीन. माझी संख्या मूळ आहे हे जाणत्या माणसांसमोर एकदा मोठ्यानं सांगायचं, त्यांनी ‘बरं’ म्हणायचं, माझा नंबर लागायचा नाही आणि मी बाबांच्या मागे बसमध्ये चढायचं. एवढंच मला हवं होतं. अकोल्याहून निघताना सगळे कपडे बोचक्यात बांधून घेतले, कारण काहीही झालं तरी मामाकडे परत जायचं नव्हतं. मामी दाराशी आली, माझ्या हातावर दही ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं.

राऊत सरांबरोबर बडनेऱ्याला उतरून अमरावतीला पोचले तेव्हा बाबा कॉलेजच्या व्हरांड्यात आधीच येऊन बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. आत वर्गात तीन परीक्षक होते. मधोमध पाटणकर बाई, पुण्याकडच्या, बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. माझी पाळी आली. मी फळ्यावर १०२२११७ लिहिलं आणि सांगितलं की ही मूळ संख्या आहे. कुठपर्यंत भागून पाहिलंस, त्यांनी विचारलं. हजारापर्यंत, मी म्हणाले.

‘हजारच का?’

‘दहा लाखाचं वर्गमूळ हजार.’

‘पण तुझी संख्या दहा लाख नाही. हे बावीस हजार एकशे सतरा आहेत ना?’

‘ते वरचे हायेत,’ मी म्हणाले.

वर्गात हशा पिकला. मुलगे बाकं बडवायला लागले. माझे कान तिसरीतल्यासारखे तापले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातानं मुलांना गप्प केलं आणि म्हणाल्या, ‘वरचे म्हणजे काय?’ मला पळून जायचं होतं, पण त्यांनी खरंच विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. लिंबांचा शेकडा, पाचांचा हात, आणि तो मुका हात जो मोजायचा नसतो. सांगता सांगताच मला कळलं की मी काय केलं होतं. दोन शेकडे वेगळे ठेवले असं मला वाटत होतं, पण दहा लाख बघितल्याबरोबर बाकीचं मी घरच्या सवयीनं सोडून दिलं होतं. दारात बाबा उभे होते. हशा ऐकून आले असणार. त्यांनीही सगळं ऐकलं.

‘हजारानंतरची पहिली मूळ संख्या कोणती?’ बाईंनी विचारलं.

‘एक हजार नऊ.’

‘तुझ्या संख्येचं वर्गमूळ एक हजार अकराच्याही जरा अलीकडे आहे. म्हणजे तेवढी एकच बघायची राहिली होती. बघ.’

मी खडू घेतला. एक हजार बावीसात एक हजार नऊ एकदा, उरले तेरा. वरून एक घेतला, एकशे एकतीस, भाग जात नाही, शून्य. आणखी एक घेतला, तेराशे अकरा, एकदा, उरले तीनशे दोन. शेवटचा सात उतरवला. तीन हजार सत्तावीस. एक हजार नऊ त्रिक तीन हजार सत्तावीस. खाली शून्य.

मला रडूच आलं, सगळ्यांसमोर, खडूच्या हातांनी डोळे पुसत. मुलांना वाटलं मी हरले म्हणून रडते. मी तिच्यासाठी रडत होते. अख्खा हिवाळा मी तिला एकटी समजत होते आणि ती एकटी नव्हती. एक हजार नऊ आणि एक हजार तेरा, दोघं तिच्या पोटात जवळजवळ खेटून बसलेले. तेवढ्यात, डोळ्यांत पाणी असतानाच, मी एक हजार तेरा तपासायला लागले, तीन, सात, अकरा, तेरा, आणि पाटणकर बाई खुर्चीवरून उठून माझ्याशेजारी फळ्यापाशी आल्या. ‘तोही मूळच आहे,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘तुझ्याजवळ आणखी कुठल्या संख्या आहेत?’ माझ्याजवळ पुष्कळ होत्या. आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या, मध्येच खडू घेऊन काहीतरी लिहीत गेल्या, आणि पुढच्या मुलाची पाळी आली तेव्हा मला फळ्यापासून हलवेना.

निकाल दुपारी लागायचा होता. व्हरांड्यात बाबा माझं बोचकं मांडीवर घेऊन बसले होते. ‘माह्या हातानं नडलं तुले,’ ते म्हणाले. ‘म्या शिकवलं ते वरचं. नाई तं तू बरोबर आली असती.’ मी म्हटलं, असं नका म्हणू बाबा. पण वाईट वाटत असतानाही त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून आलं होतं आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. ‘जाऊ दे. चाल घरी. चूल सारवून ठेवली हाये. तुही खाट आणून टाकली मांडवात, उन्हाचं तेथं बरं वाटते. यंदा मोहोरबी लय हाये.’ अकोल्याच्या तीन वर्षांत, हे अमरावतीचं निघेपर्यंत, त्यांनी कधी ‘घरी ये’ म्हटलं नव्हतं. माझं शिक्षण अडेल म्हणून म्हटलं नव्हतं, हे मला त्या वेळी, त्या बाकावर समजलं.

मग शिपायानं नावं वाचली. माझं नाव शेवटून दुसरं होतं. उन्हाळी वर्ग दुसऱ्या दिवसापासून, निवड झालेल्यांनी आजच वसतिगृहात जायचं. राऊत सर टाळ्या वाजवायला लागले. बाबांनी बोचक्याची गाठ एकदा सोडली आणि पुन्हा बांधली.

‘काय म्हणतं मंग, बाई?’

महिनोन्महिने मी ज्या गोष्टीसाठी झुरले होते ती समोर होती. मी नुसतं ‘चला’ म्हटलं असतं तर ते उठले असते. पण वर्गाच्या उघड्या दारातून फळा दिसत होता आणि पाटणकर बाई अजून त्याच्यासमोर उभ्या होत्या.

‘बाबा, मले येथंच राहाचं हाये.’

‘राय ना,’ ते लगेच म्हणाले. ‘त्याच्यासाठीच तं आलो.’ बोचकं माझ्याकडे दिलं. ‘भूक लागली तं मांगजो. लाजजो नोको.’ मग राऊत सरांना हात जोडले आणि बस कुठून मिळते हे शिपायाला विचारलं. सकाळी त्याच बसनं ते आले होते.

पुढचं सगळं चांगलंच झालं. मी शिकले, शिकवलं, याच गावात घर केलं, लग्न केलं नाही आणि त्याची खंतही केली नाही. सुट्टीत घरी जायची, चार दिवस राहायची आणि निघायची. त्या दिवसाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत, मीही काढलं नाही. ते गेल्यावर शेजारच्या शेतातली गयाबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि बोलता बोलता तिनं सांगितलं. त्या पहाटे बाबांनी अमरावतीला निघायच्या आधी वांग्याची भाजी केली होती, भाकरी थापून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, दोन माणसांच्या, संध्याकाळी थकून आल्यावर पोरीला चुलीपुढे बसायला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई गेली तेव्हा ते मांडवात बसून तीच वाळलेली भाकरी पाण्यात भिजवून खात होते. तिनं विचारलं, काहून भाऊ, शिळं खाऊन राहिले? बाबा म्हणाले, ‘पोरगी पास झाली ना.’